जमा: कांदा, चार किलो

दहावी ब ची वही माझ्याकडं आली
कारण माझं अक्षर बरं,
आणि ही पोरगी भांडून वसूल करंल, असं सुतार सर म्हणाले.
मधोमध रेघ. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च.
माणशी शंभर.
शाळेला जाता जाता एक घड्याळ द्यायचं,
उरलं तर निरोपाला वडा.

वर्गात आम्ही त्रेचाळीस,
पण त्रेचाळीस एका जागी कधी नव्हतोच.
खिडकीच्या रांगेत मंगळवार पेठ,
दाराच्या रांगेत शिवाजी पेठ,
फुटबॉलच्या मॅचनंतरच्या सोमवारी
मधून पट्टीसुद्धा इकडची तिकडं जायची नाही.
मुलींत तीन गट आणि एक फुटलेला.
अल्फिया मुजावर तेवढी सगळ्यांची,
तिला विचारल्याशिवाय कुणाचं भांडणही मिटत नसे.

मगदूमनं दहा-दहाच्या दहा नोटा दिल्या, पुन्हा मोजून घेतल्या.
इंगवले तीन आठवडे म्हणत होता,
"देतो की! पळून चाललोय काय?"
आणि ज्ञानदा शेटे: उद्या.
पुढच्या रकान्यात, उद्या.
पाच वेळा उद्या.
गुजरीत बापाचं दुकान, पायात वाजणारे पैंजण,
सोनाराची पोर शंभराला महाग, असं मुली म्हणाल्या.
मी पण म्हटलं.
वही माझीच आहे, तर खरं लिहिते.

पैसे कमी पडले म्हणून गॅदरिंगला भेळेचा स्टॉल.
इंगवलेच्या मामाची रंकाळ्यावर गाडी,
त्यानं पातेलं दिलं, चटणीचं प्रमाण मात्र सांगितलं नाही.
वर कापड कुठल्या रंगाचं, यावर अर्धा दिवस गेला,
निळं लावलं तर हे जाणार, हिरवं लावलं तर ते.
शेवटी अल्फियाच्या घरचा गुलाबी पडदा.
प्लेट पंधराला. शिक्षकांना वीस.

"कांदा कोण चिरणार?"
सगळ्याजणी आपापली नखं बघायला लागल्या.
"मी," ज्ञानदा म्हणाली.
उलट्या क्रेटवर बसली, दहा ते चार.
डोळ्यांतून धार, नाक लाल,
कुणीतरी रील काढलं, आम्ही लोळून हसलो,
तीही हसली, मनगटानं डोळे पुसत,
आणि म्हणाली, "अजून आणा."

पुढच्या रविवारी आत्याची बुगडी सांधायला गुजरीत गेले.
शटर खाली. वर पाटी नाही,
पाटीच्या मापाची गोरी भिंत आणि चार खिळे.
शेजारचा म्हणाला, "दिवाळीपासनं."
पुढं मी विचारलं नाही,
त्यानंही तराजूत तोंड घातलं.

रात्री वही उघडली.
पाच उद्या एका ओळीत.
खोडरबरानं कागद फाटला असता, म्हणून ते राहू दिले.
जमेच्या बाजूला लिहिलं:
शेटे ज्ञानदा. कांदा, चार किलो, चिरून.

सुतार सर बोट फिरवत खाली आले. थांबले.
"किलोत?"
"हो सर."
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बेरीज शंभरानं चुकत होती.
सरांनी बरोबरची खूण केली, खाली सही.
आम्हाला गणित तेच शिकवतात.

घड्याळ आता स्टाफरूमच्या दारावर आहे,
चार मिनिटं पुढं.
इंगवले म्हणतो, गुण आपल्या वर्गाचा नव्हे.

निरोपाच्या दिवशी ज्ञानदा माझ्याशेजारी बसली.
वड्याबरोबरचा कांदा माझ्या ताटात सरकवला.
"हाताचा वास अजून जात नाही गं," म्हणाली,
आणि बोटं माझ्या नाकाशी धरली.
मला साबणाचा आला,
आणि थोडा मेंदीचा.
"हो," मी म्हटलं, "येतोय अजून."